पाच मिनिटांत स्वतःची ओळख कशी सांगावी?

रंगवही (खासबाग, बेळगाव)

नमस्कार मंडळी. एक विचारायचं होतं. टिळकवाडीत हातानं काही ना काही करणारी दहा-बारा माणसं महिन्यातून एकदा एकाच्या गच्चीवर जमतात. कुणी चित्रं काढतं, कुणी लाकूड कोरतं, एक काकू कसुतीचं भरतकाम करतात. मैत्रिणीनं माझं नाव तिथं सांगून ठेवलंय आणि या रविवारी मी पहिल्यांदा जाणार आहे. नव्या माणसानं पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, अशी तिथली पद्धत आहे. त्या पाच मिनिटांवर माझं घोडं अडलंय.

नोकरी सांगणं सोपं. एका सीएंच्या ऑफिसात टॅलीवर नोंदी करते. लग्नाच्या वेळी आईनं बायोडाटात छंदांच्या रकान्यात "वाचन, शिवणकाम, स्वयंपाक" असं लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नाही, पण ते वाचून मी कोण हे कुणालाही कळायचं नाही. "मी कलाकार वृत्तीची आहे, माझ्या आवडी जरा वेगळ्या आहेत" असं म्हणायला तर जीभच वळत नाही.

खरं ते सांगते. मी वाकळा शिवते. जुनी सुती लुगडी थरावर थर अंथरायची, वर रंगीत तुकडे मांडायचे आणि कडेपासून धावदोरा धरून चौकोनात फिरत फिरत मधे यायचं. वाकळ सगळ्यांच्या घरी असते, त्यात नवल नाही. माझा जीव गुंततो तो मांडणीत. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग बसवायचा हे ठरेपर्यंत सगळे तुकडे जमिनीवर पसरलेले असतात आणि घरातली माणसं त्यांना वळसा घालून जातात. रात्री ट्यूबलाइटमध्ये मी एकही तुकडा निवडत नाही. त्या उजेडात निळा आणि जांभळा एकच दिसतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी दारात ऊन आलं की निवड करायची आणि रात्री फक्त टाके घालायचे, हा माझा नियम.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. आमच्या भागात, म्हणजे खासबाग, वडगाव, शहापूर इकडं, अजून साड्यांचे माग चालतात. बीम, म्हणजे मागावरचा ताण्याचा रूळ, संपून नवा जोडताना धाग्यांची झुबकी उरतात. ती मशीन पुसायला जातात किंवा कचऱ्यात. मी ती मागून आणते, धागे सोडवते आणि बाहेर कुठं एखादा रंग मनात बसला की त्याच्या जवळचा धागा शोधून वहीत लावते. डिंकानं धागा काळवंडतो, म्हणून कागदालाच दोन टाके घालून तो बसवते. खाली जागा आणि वेळ. "जांबोटीचा रस्ता, पहिल्या पावसानंतरचा जांभा." "राकसकोप, धरण भरल्यावर, दिवस मावळताना." "उचगाव, नुकतंच काढलेलं रताळं, माती पुसल्यावर." बेळगावातून पूर्वेला बैलहोंगलकडं निघालं की तांबडी माती हळूहळू काळी होत जाते. त्या एका रस्त्यासाठी वहीत पानभर धागे ओळीनं आहेत, तांबड्यापासून काळ्यापर्यंत.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे जुन्या जैन मंदिरात, लोक छतातलं दगडी कमळ बघायला येतात. मीही बघते, पण जास्त वेळ खांबांपाशी थांबते. 1204 साली बांधलेली बस्ती. दगडाला सगळे काळा म्हणतात. सकाळच्या उजेडात खांबाच्या गोल वळ्यांवर नीट बघितलं तर त्यात हिरवट झाक दिसते, आणि हात लागून गुळगुळीत झालेल्या जागी तो राखी होतो. असा एका धाग्याचा रंग मिळेना, म्हणून काळा, शेवाळी, राखी आणि एक गर्द निळा असे चार धागे एकत्र पिळून लावलेत. त्या पानावर माझा फार जीव आहे.

बाकी सवयी म्हणाल तर, कुंदा, म्हणजे आपली बेळगावची गोड मिठाई, मी तिखट शेवेबरोबर खाते. भडंगाची, शेंगदाण्याची पुडी संपली की कागद उलगडून वाचते. एका पुडीवर मराठी पेपर असतो, दुसरीवर कानडी. मी कानडी वाचायला त्या पुड्यांवर आणि बसच्या पाट्यांवरच शिकले. शिवताना रेडिओ लागतो. सांगली नीट लागली नाही की धारवाड. बोलणं कळो न कळो, हाताची लय लागते.

आता प्रश्न. यातलं काय सांगू आणि काय ठेवू? सगळं सांगितलं तर पाच मिनिटांची पंधरा होतील. आणि तिथली निम्मी मंडळी कानडी बोलणारी आहेत. माझी कानडी बाजारापुरती. कुठल्या भाषेत बोलावं? ज्यांनी असं स्वतःबद्दल चार लोकांसमोर बोललंय त्यांनी सांगा.

कौलारू (खानापूर)

पोरी, बोलत कशाला बसतेस, वही घेऊन जा. वही उघडून ते बस्तीचं पान पुढं कर आणि तुझ्या चार धाग्यांची गोष्ट सांग. तीन मिनिटं त्यातच जातील.

माझं सांगतो. आयुष्य कौलांच्या कारखान्यात गेलं. आमच्या खानापूरची माती कौलाला, विटेला, मडक्याला चांगली. कुंभारकाम शिकवणारी सरकारी संस्थाही इथंच आहे. भट्टीतून कौल निघालं की बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. नीट भाजलेलं कौल खणखणतं. कच्चं राहिलं असेल तर बद्द वाजतं. बारीक तडा असला तर डोळ्याला दिसत नाही, पण नाद मधेच तुटतो. ते ऐकत ऐकत माझ्या कानात सूर बसले. आता कुठं जुनं घर उतरवायला काढलंय असं कळलं की मी जातो, कौलं वाजवून बघतो आणि सुरात असलेली मागून आणतो. घरामागं बांबूला टांगलीत. आपले कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं. माझं काम साधं, पण सुराची ओढ या मातीत आहे असं मला मनापासून वाटतं.

हे लावायला कष्ट आहेत. कौलाचं टोक घासलं की सूर चढतो, मधल्या भागात घासून पातळ केलं की उतरतो. दोरी बांधायची जागाही ठरलेली. दोन्ही टोकांपासून पाव भागाच्या जरा अलीकडं बांधलं तरच नाद मोकळा राहतो, मधे बांधलं तर गळा दाबल्यासारखा होतो. सा, रे, ग, प, ध लागलेत. मध्यमाला कौल अजून मिळालेलं नाही.

आता मी कुठं गेलो आणि "काय करता?" असं कुणी विचारलं की मी एवढंच म्हणतो, "कौलं वाजवतो." मग माणूस आपणहून पुढचं विचारतो. तुझंही एक वाक्य असं काढ. "मी बघितलेल्या रंगांचे धागे जमवते." बस. पुढचं त्यांना विचारू दे.

निपाणीची सून

आबांचं पटलं, पण थोडं वेगळं सांगते.

ताई, नोकरी गाळू नका. मला तर तुमची टॅली आणि तुमची वही एकाच बाईची दिसते. जागा, वेळ, रंग, सगळं तारीखवार. हे नोंदी ठेवणारीलाच सुचतं. माणसं पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांना पाय टेकायला काहीतरी ओळखीचं लागतं. "दिवसभर हिशेबाच्या नोंदी करते आणि सुट्टीच्या दिवशी रंगांच्या" असं म्हणा, की सगळ्यांना तुम्ही डोळ्यांसमोर दिसाल.

माझ्या सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. सूप मांडीवर, भिजवलेली पानं मापानं कापलेली, चिमटीत तंबाखू, एक वेढा, टोक नखानं आत दाबायचं आणि दोऱ्याचा फास. हात बघत राहावं असे चालायचे, आणि तोंडानं दुसरंच चालू असायचं. गल्लीतल्या सात-आठ बायका एका ओसरीवर बसून काम करायच्या आणि गोष्टी सांगायच्या. माहेरच्या, वखारीतल्या, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवरच्या. मी लग्न होऊन आले आणि त्या गोष्टी उतरून घ्यायला लागले, जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर, जशा सांगितल्या तशा. मधे कुणी "दोरा दे गं" म्हटलं तर तेही लिहायचं. ते "दोरा दे गं" काढून टाकलं तर गोष्ट मरते. हे मी आग्रहानं सांगते.

एकदा गावच्या साहित्य संमेलनात मला त्यातलं वाचायला बोलावलं. आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशी गावोगावी संमेलनं होतात, तसंच एक. सूत्रसंचालकांनी परिचय मागितला. मी पदवी, पत्ता काही दिलं नाही. लिहून दिलं, "या विडी वळणाऱ्या बायकांच्या गोष्टी कॅलेंडरच्या मागे लिहितात." मांडवात मागच्या रांगेतल्या बायका उठून पुढं येऊन बसल्या. त्या कुणी वाचणाऱ्या नव्हत्या, पण ओसरी त्यांच्या ओळखीची होती.

म्हणून एक विनंती. "वेगळी आवड", "हटके" असले शब्द तोंडातून काढू नका. ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. आपण फक्त काय करतो ते सरळ सांगायचं. आणि कुंदा-शेव चहाच्या वेळेला राखून ठेवा. पाच मिनिटांत खाणं आलं की लोक खाण्यावरच बोलतात, मग कमल बस्ती राहून जाते.

गल्लीचा किल्लेदार (अनगोळ)

अक्का, मी आबांच्या उलट सांगणार.

वही आधी पुढं केलीस की सगळे वहीत मान घालणार आणि तू काय बोलतेस ते कुणी ऐकणार नाही. हा माझा अनुभव आहे. दोन मिनिटं पिशवीतच राहू दे.

मी दिवाळीत किल्ले करतो. आपल्या बेळगावात गल्लीगल्लीत करतात, त्यामुळं "किल्ले करतो" म्हटलं की ऐकणाऱ्याला पोरांचा खेळ वाटतो. मी वर्षभर त्याच विचारात असतो हे त्याला कसं कळणार? म्हणून मी बोलताना पाण्यापासून सुरू करतो. कुठलाही खरा किल्ला बघायला गेलो की मी आधी पाण्याची टाकी कुठं आहेत ते बघतो. पाणी कुठं साठतं ते कळलं की माणसं कुठं राहत होती, पहारा कुठं होता, वाट कुठून होती हे उलगडत जातं. मग चिखलात किल्ला उभारताना सगळ्यात आधी त्याच जागी वाटी पुरतो आणि बाकीचा डोंगर त्या वाटीभोवती चढवतो. हे ऐकलं की माणूस खेळ म्हणत नाही. एवढं बोलून झालं की मग फोटो दाखवतो.

राजगड केला तेव्हा संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी काही केल्या उभी राहीना. दोन भिंतींमधली जागा इतकी अरुंद की ओला चिखल आतल्या आत बसतो. शेवटी खराट्याच्या काड्या उभ्या रोवल्या, त्यावर गोणपाटाची पट्टी गुंडाळली आणि वर पातळ चिखलाचा हात दिला. ती टिकली. हिरवळीला मोहरी आणि अळीव दोन्ही पेरतो, मोहरी उंच वाढते ती उतारावर, अळीव बारीक ते माचीवर. शेवाळ आणायला पाऊस सरता सरता जातो, भिंतीवरून पात्यानं अख्खा पापुद्रा सोडवायचा. घरचे म्हणतात पगार किल्ल्यात घालतो. घालतो की. आवडतंय मला.

भाषेचं म्हणशील तर काळजीच करू नको. आमच्या किल्ल्यावर शेजारची कानडी पोरं माती कालवतात, मी मराठीत सांगतो, ती कानडीत उत्तर देतात आणि बुरूज उभा राहतो. तू मराठीत सुरू कर. जिथं रंग कानडी मुलखात भेटलाय, बैलहोंगलच्या रस्त्यावरचा, तिथं येईल तेवढं कानडीत बोल. केंपू मण्णू म्हणजे तांबडी माती, कप्पू मण्णू म्हणजे काळी, एवढं तर येतंय न्हवं? तेवढ्यानं समोरचा माणूस मोकळा होतो. पुढचं तोच तुला पुरवील.

रंगवही (खासबाग, बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. आबा, किल्लेदार दादा आणि वहिनी, तुमचं सगळं डोक्यात ठेवून काल रात्री लिहून काढलं. मोठ्यानं वाचून बघितलं तर चार मिनिटांच्या आत बसतं. इथं देते, बघा.

"माझं घर खासबागेत. दिवसभर एका ऑफिसात हिशेबाच्या नोंदी करते. घरी आल्यावर वाकळा शिवते. शिवायला लागल्यावर लक्षात आलं की माझ्याजवळ तुकडे भरपूर आहेत, पण मला हवा तो रंग त्यांत नसतो. म्हणून बाहेर दिसलेले रंग धाग्यात धरून ठेवायला लागले. धागे आमच्याच गल्लीतल्या मागांवरचे, साडी विणून उरलेले. बेळगावातून बैलहोंगलला जाताना डावी-उजवीकडं बघत राहा. केंपू मण्णू कुठं संपते आणि कप्पू मण्णू कुठं सुरू होते ते एका जागी बोट ठेवून सांगता येत नाही. मी तो रस्ता धाग्यांत लावलाय आणि आता त्याची वाकळ शिवतेय, एका कडेला तांबडी, दुसऱ्या कडेला काळी. मधल्या भागाला अजून रंग कमी पडतात. तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं येत-जात असाल तर कुठल्या गावाशी माती कशी दिसते ते मला सांगा. मी अशी लोकांना रंग विचारत हिंडते. रंग निवडते ते सकाळच्या उन्हात, ट्यूबलाइटखाली कधीच नाही. मला या रंगांचं फार वेड आहे आणि ते मला जपायचं आहे. ही वही."

इथं वही काढायची आणि बस्तीचं पान उघडायचं.

लिहिताना एक कळलं. मला तिथं जाऊन नुसतं स्वतःबद्दल सांगायचं नव्हतं, मला त्यांच्याकडून मधले रंग हवे होते. ते वाक्यात आल्यावर बाकीचं आपोआप जागेवर बसलं. कुंदा काढला. पुड्यांचं वाचन काढताना जिवावर आलं, पण काढलं.

निपाणीची सून

छान झालंय. फक्त "मला या रंगांचं फार वेड आहे आणि ते मला जपायचं आहे" हे वाक्य काढा. जी बाई रस्ता धाग्यात लावते तिला वेड आहे हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. त्याच्या आधीच्या उन्हाच्या वाक्यावर थांबा आणि वही काढा.

आणि पुड्या परत घाला, एकाच ओळीत. "कानडी मी शेंगदाण्याच्या पुड्यांवर शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या." केंपू मण्णूच्या आधी. तिथं ते कामाला येईल.

कौलारू (खानापूर)

वहिनींचं बरोबर आहे. ते वाक्य काढ.

पोरी, तुझं माझ्याकडं एक काम आहे. कौलं टांगायला मी सुती दोरी वापरतो. पावसाळ्यात ती आखडते, कौल वर-खाली होतं आणि एकमेकांवर आपटतं. नायलॉन लावून बघितली तर गाठ सरकते. तुला धाग्यातलं कळतं. काय लावू?

रंगवही (खासबाग, बेळगाव)

वहिनी, दोन्ही केलं. पुड्या आत, वेड बाहेर.

आबा, सुती दोरी ओली झाली की फुगते आणि लांबीला आखडते, ती तशीच वागणार. तुम्ही नायलॉनच घ्या, पण गुळगुळीत नको. तीन पदरी पिळाची घ्या आणि त्यावर मेण घासा, म्हणजे गाठ धरून राहते. टोक मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या, नाहीतर पीळ सुटत जाईल. आमच्या समोरच्या मागवाल्या काकांकडं जाड पिळाचा दोर पडून असतो, त्यांना विचारते. बुधवारी ऑफिसच्या कामानं खानापूरला येणार आहे, मिळाला तर घेऊन येते. कौलं वाजवून दाखवाल ना? आणि खानापूरच्या भट्टीतल्या कौलाचा आतला रंग, फुटलेल्या कडेचा, मला वहीत हवाय. एखादा तुकडा बाजूला काढून ठेवा.